पीएसडब्ल्यू काय म्हणतोय?

२०२३ सालच्या १ जुलैला, शनिवारी, पहाटे तीन पन्नासला माझा फोन वाजला. पुण्यात रात्रभर पाऊस चालू होता. आमचा क्लायंट इंग्लंडमधली एक विमा कंपनी. त्यांच्याकडे तेव्हा ३० जूनची रात्र होती, म्हणजे तिमाहीअखेर. ॲप्लिकेशन टीममधला ऑन-कॉल मुलगा म्हणाला, "मॅडम, क्वार्टर-एंडचा जॉब सॉक-फोरने पडलाय. एकदा रीस्टार्ट केला, परत तिथेच पडला."

सॉक-फोर म्हणजे एस०सी४. मेनफ्रेमवर, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या मशीनवर, काम करणाऱ्या माणसाला हा कोड नवा नसतो. प्रोग्रामने जिथे हात लावायची परवानगी नाही तिथे हात लावला, किंवा जी जागा अस्तित्वातच नाही तिथून काही वाचायला गेला, की मशीन त्याला थांबवतं. सॉक-सेव्हन आला तर निदान माहीत असतं की पॅक्ड आकड्याच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलंय, बहुतेक वेळा स्पेसेस. सॉक-फोरचं तसं नाही. त्याची कारणं शंभर असू शकतात.

मी त्या क्लायंटच्या झेड/ओएसची, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमची, सिस्टम प्रोग्रामर. कोबोल, म्हणजे त्यांचे प्रोग्राम ज्या भाषेत आहेत ती, माझं काम नाही, पण त्या मुलाने मला उठवलं त्याला कारण होतं. मे महिन्यात आम्ही त्यांचे सगळे कोबोल प्रोग्राम नव्या कंपायलरवर (सोर्स मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर) नेले होते. जुन्या ४.२ आवृत्तीचा सपोर्ट ३० एप्रिल २०२२ ला संपला होता, त्यामुळे जावं लागणारच होतं. प्रोग्राममध्ये एक ओळही बदललेली नव्हती. तोच सोर्स, फक्त नव्याने कंपाईल केलेला. आणि हा जॉब त्यानंतर पहिल्यांदाच तिमाहीअखेरची वाट चालत होता. टेस्टमध्ये आम्ही रोजचा बॅच चालवला, महिनाअखेरचा चालवला. तिमाहीअखेरचा फाटा मात्र चालवला नव्हता.

दुपारी साडेबाराला त्यांचं कॉल सेंटर उघडतं, इंग्लंडात तेव्हा सकाळचे आठ. त्याआधी हा जॉब संपून फायली मोकळ्या व्हायला हव्या होत्या.

लॅपटॉप उघडला, एसडीएसएफमध्ये जॉबचं आउटपुट पाहिलं. हातात काय होतं? सीईई३२०४एस हा एक संदेश, प्रोटेक्शन एक्सेप्शन सापडलं एवढंच सांगणारा. बस. डंप, म्हणजे त्या वेळच्या मेमरीची नक्कल, नाही. काही वर्षांपूर्वी स्पूल, म्हणजे आउटपुट साठवायची जागा, भरतो म्हणून कुणीतरी लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटचा (एलईचा, म्हणजे कोबोल प्रोग्राम ज्यावर चालतात त्या रनटाइमचा) टर्मथडॅक्ट हा पर्याय नुसत्या संदेशावर आणून ठेवला होता. पडलेला प्रोग्राम मरताना एक ओळ बोलत होता आणि बाकीचं सोबत घेऊन जात होता. ही बचत कुणी केली ते मला माहीत नाही, पण अशी बचत करू नये. स्पूल मोठा करता येतो. गेलेला पुरावा परत आणता येत नाही.

मग मी जे पहिलं सुचलं ते केलं. ऑपरेटर कन्सोलवरून स्लिप ट्रॅप लावला: या नावाच्या जॉबमध्ये ०सी४ आला की एसव्हीसी डंप घे. जॉब पुन्हा सोडला. साडेचारला ट्रॅप लागला, डंप आला. मी आयपीसीएसमध्ये डंप उघडला, पीएसडब्ल्यू पाहिला, पत्ता घेतला आणि 'व्हेअर' कमांडला दिला. उत्तर आलं, हा पत्ता लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटच्या स्वतःच्याच एका मॉड्यूलमध्ये आहे.

इथे माझा तासभर गेला. मला वाटलं, रनटाइममध्येच गडबड आहे. नुकतीच मेंटेनन्स लावलेली होती, तीही मनात होती. लावलेल्या पीटीएफची, म्हणजे आयबीएमच्या दुरुस्त्यांची, यादी काढून बघितली, आयबीएमच्या ज्ञात दोषांमध्ये शोधलं, आमच्यासारखं काही मिळतंय का ते पाहिलं. काही मिळालं नाही. साडेपाच वाजले. आयबीएमकडे केस उघडायला घेतली आणि त्या फॉर्ममधल्या 'समस्येचं वर्णन' या चौकटीपाशी थांबले. काय लिहायचं तेच कळेना. "आमचा जॉब पडतो" हा काही प्रश्न नव्हे.

माझे पूर्वीचे वरिष्ठ ठाण्याला राहतात, निवृत्त आहेत. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. सकाळी पावणेसहाला ते फिरायला निघतात हे माहीत होतं, म्हणून धीर करून फोन लावला.

"सर, सॉरी, इतक्या सकाळी..."

"अगं बोल. काय पडलं?"

"सॉक-फोर आहे. नवीन कोबोलनंतर. मला वाटतं एलई मध्ये..."

"तुला काय वाटतं ते नंतर. पीएसडब्ल्यू काय म्हणतोय?"

हा त्यांचा नेहमीचा पहिला प्रश्न. बावीस वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, त्यांच्या टेबलापाशी जाऊन "सर, जॉब पडला" म्हटलं की ते वर न बघता हेच विचारायचे. पीएसडब्ल्यू सांगता आला नाही तर परत पाठवायचे. पीएसडब्ल्यू म्हणजे प्रोग्राम स्टेटस वर्ड. पुढची सूचना कुठली, मशीन कुठल्या मोडमध्ये आहे, हे सगळं त्यात असतं. मी त्यांना वाचून दाखवला आणि मॉड्यूलचं नाव सांगितलं.

"हा पडला त्या क्षणाचा पीएसडब्ल्यू नाहीये," ते म्हणाले. "प्रोग्राम चेक आला की आधी एलई तो ईस्पायमधून पकडतं. स्लिपला त्याचा पत्ताही लागत नाही. एलई आपलं सगळं आवरतं, आणि शेवटी स्वतः त्याच कोडने अॅबेंड करतं. तुझ्या ट्रॅपने तो दुसरा अॅबेंड पकडला. म्हणजे चोर निघून गेल्यावर दाराशी उभ्या असलेल्या वॉचमनचा फोटो काढलास तू."

अॅबेंड म्हणजे जॉबचं असं अवेळी पडणं, आणि ईस्पाय म्हणजे ती चूक सिस्टमच्या आधी हातात घ्यायची सोय. मला हे माहीत असायला हवं होतं. एलईचा स्वतःचा ट्रॅप हा पर्याय ऑन असताना ते असंच वागतं हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण पहाटे चार वाजता, डंप हातात आल्याच्या आनंदात, हा डंप कोणत्या क्षणाचा आहे असं मी स्वतःला विचारलंच नाही.

मग सीईईऑप्ट्सच्या डीडीमधून, म्हणजे जॉबच्या सूचनांतल्या एका ओळीतून, त्या एकाच स्टेपपुरता टर्मथडॅक्ट बदलून यूएडंप केला. या पर्यायाने एलई आवराआवर करण्याआधी सीईईडंप हा आपला डंप लिहितं आणि यू४०३९ हा अॅबेंड मुद्दाम घडवून सिस्टमचा डंपही घेऊ देतं. एसवायएसएमडंपचं डीडी घातलं. ही स्टेप फायली नुसत्या वाचते आणि एक नवी फाईल लिहिते, त्यामुळे पुन्हा चालवायला धोका नव्हता. ती फाईल काढून टाकली आणि सहा वाजून पाच मिनिटांनी जॉब सोडला.

यावेळी सीईईडंपमध्ये खरा पीएसडब्ल्यू होता, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर (दहा ते पंधरासाठी ए ते एफ):

०७८डी०००० ०००४१ए३ई

इंटरप्शन कोड ००११.

या दोन गोष्टींत जवळजवळ सगळं होतं. आधी कोड. सॉक-फोर वेगवेगळ्या हार्डवेअर कारणांसाठी येतो. ४ असेल तर प्रोटेक्शन एक्सेप्शन, म्हणजे जागा आहे पण तिथली किल्ली तुझ्याकडे नाही. १० आणि ११ म्हणजे सेगमेंट किंवा पेज ट्रान्सलेशन, म्हणजे त्या पत्त्यावर कुणी जागाच घेतलेली नाही. आणखी एक फरक आहे, जो न कळल्यामुळे लोक चुकीच्या सूचनेकडे बघत बसतात. ४ मध्ये पीएसडब्ल्यू पुढच्या सूचनेवर असतो, म्हणून सूचनेची लांबी वजा करून मागे यावं लागतं. ११ मध्ये मशीन ती सूचना झालीच नाही असं धरतं, त्यामुळे पीएसडब्ल्यू थेट दोषी सूचनेवरच बोट ठेवतो. म्हणजे ०००४१ए३ई इथे जे आहे तेच पडलंय.

आणि दुसरी गोष्ट, जी मी वाचून दाखवल्याबरोबर सर पलीकडे "आं?" म्हणाले. पीएसडब्ल्यूचा दुसरा शब्द शून्याने सुरू होत होता.

आजकालच्या कोबोलचा पीएसडब्ल्यू तिथे ८ किंवा त्याहून मोठ्या हेक्स अंकाने सुरू होताना दिसतो. तसा अंक म्हणजे सगळ्यांत डावीकडचा बिट चालू, म्हणजे ३१ बिटांचा ॲड्रेसिंग मोड. इथे तो बंद होता. मशीन २४ बिटांच्या मोडमध्ये चालू होतं.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टम/३६० जाहीर केलं तेव्हा पत्ता २४ बिटांचा होता, म्हणजे जास्तीत जास्त १६ मेगाबाइट. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली पत्ता धरायची जागा, ३२ बिटांचं, त्यामुळे डावीकडचे आठ बिट मोकळे राहायचे आणि लोक त्यात आपापल्या खुणा ठेवायचे. पुढे १९८० च्या दशकात १६ मेगाबाइट पुरेनात, पत्ता ३१ बिटांचा झाला आणि उरलेला एक बिट मोडसाठी गेला. २००० साली ६४ बिट आले. पण जुने प्रोग्राम मोडायचे नाहीत हा आयबीएमचा शब्द, म्हणून तिन्ही मोड आजही एकाच मशीनवर शेजारी शेजारी चालतात. १६ मेगाबाइटच्या त्या सीमेला आम्ही नुसतं 'लाईन' म्हणतो. अमुक डेटा लाईनच्या वर आहे, तमुक खाली आहे, असं रोजचं बोलणं असतं.

'व्हेअर'ला पत्ता दिला. यावेळी नाव आलं ते एका छोट्या असेंबलर रुटीनचं. दोन तारखांमध्ये कामकाजाचे दिवस किती, एवढंच ते मोजतं. थकलेल्या हप्त्यांचा तिमाही हिशोब करताना त्याची गरज लागते, एरवी नाही. मॉड्यूलची माहिती छापणारं एएमबीलिस्ट चालवून पाहिलं: एमोड (ॲड्रेसिंग मोड) २४, आरमोड (मेमरीत बसायची जागा) २४, असेंबल केल्याचं साल १९८७.

त्या पत्त्यावरची सूचना डंपमध्ये अशी होती:

डी२०७ सी१एफ० २०००

डी२ म्हणजे एमव्हीसी, हलव. ०७ म्हणजे आठ बाइट. रजिस्टर २ जिथे दाखवतंय तिथून उचल आणि रजिस्टर १२ पासून १एफ० अंतरावर ठेव. साधी सूचना, तारीख आपल्याकडे उतरवून घेणारी. रजिस्टर २ मध्ये काय आहे?

१ए२एफ४सी८०

मी हा आकडा सरांना सांगितला. दोघंही क्षणभर गप्प बसलो, कारण आता दिसलंच होतं. हा पत्ता लाईनच्या कितीतरी वर आहे. रजिस्टरमध्ये तो पूर्ण आहे. पण मशीन २४ बिटांच्या मोडमध्ये असल्यामुळे पहिला बाइट, तो १ए, वाचतच नाही. त्याच्या लेखी पत्ता आहे २एफ४सी८०.

पूर्वी लँडलाईनवरून एसटीडी कोड न लावता पुण्याचा नंबर मुंबईतून फिरवला तर काय व्हायचं? तोच नंबर मुंबईत कुणाचा असेल तर तिथे लागायचा, नसेल तर "हा क्रमांक अस्तित्वात नाही" ऐकू यायचं. तसंच.

मी आयपीसीएसमध्ये दोन्ही पत्ते उघडले. आधी वरचा:

एफ२एफ०एफ२एफ३ एफ०एफ६एफ३एफ०

एब्सिडिकमध्ये आकड्यांपुढे एफ असतो. एफ काढून वाचा: २०२३०६३०. ३० जून २०२३. तारीख जिथे असायला हवी तिथे व्यवस्थित बसलेली होती. मग खालचा पत्ता, २एफ४सी८०. उत्तर आलं, उपलब्ध नाही.

"डंपमध्ये नाही म्हणजे मेमरीत नव्हतं असं धरू नकोस," सर म्हणाले. "व्हीएसएमडेटा बघ." बघितलं, जॉबने कुठली कुठली जागा घेतलीय त्याची ती नोंद. तो भाग त्या जॉबने कधी मागितलेलाच नव्हता. आता शंका उरली नाही.

पावसातच खिडकीपाशी उभं राहून चहा घेतला. सात वाजले होते.

पण हे रुटीन १९८७ पासून चालत आलंय, मग आत्ताच का? याचं उत्तर डंपमध्ये नव्हतं, जुन्या कंपाईल लिस्टिंगमध्ये, म्हणजे कंपायलरने छापलेल्या कागदांत, होतं. ॲप्लिकेशनच्या मुलाने ती अर्काइव्हमधून काढून दिली. पहिल्याच पानावर पर्यायांची यादी, आणि त्यात डेटा(२४). म्हणजे कुणीतरी, फार पूर्वी, ठरवून या प्रोग्रामची वर्किंग-स्टोरेज, म्हणजे त्याचा डेटा, लाईनच्या खाली ठेवली होती, खालच्या रुटीनला ती वाचता यावी म्हणून. कोबोल डायनॅमिक कॉल करताना मोड बदलून देतं, परतल्यावर पुन्हा जागेवर आणतं, पण हातात दिलेला डेटा काही उचलून खाली नेत नाही. ते प्रोग्रामरनेच बघायचं. नव्या लिस्टिंगमध्ये डेटा(३१) होतं, जे डीफॉल्ट आहे. मे महिन्यात आम्ही जी प्रमाण कंपाईल प्रोसिजर बनवली तिच्यात हा पर्याय नव्हताच. जुन्या जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचनांमध्ये) तो फक्त काही प्रोग्रामांपुरता पार्ममध्ये लिहिलेला होता, शेजारी एका शब्दाचीही टीप नाही. २४ बिटांची रुटीनं चालू देणारं रनटाइमचं ऑल३१(ऑफ) मात्र जॉबमध्ये तसंच राहिलं होतं. अर्धी व्यवस्था शाबूत, अर्धी गेलेली.

स्थलांतराच्या सगळ्या बैठका मला आठवल्या. ५ पासून पुढचं कोबोल जुन्या पीडीएस प्रकारच्या लायब्ररीत लोड मॉड्यूल ठेवत नाही, नव्या प्रकारची पीडीएसई लागते, म्हणून लायब्ररींवर आम्ही आठवडेच्या आठवडे बोललो. तारखांचे प्रोग्राम तपासले, आकड्यांची चिन्हं तपासली. २४ बिटांचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

दुरुस्ती सोपी होती: डेटा(२४) लावून पुन्हा कंपाईल. वेळ गेला तो मंजुरीत. त्यांच्याकडे रात्रीचे तीन वाजले होते, बदलाला मान्यता देणाऱ्या माणसाला उठवावं लागलं. त्याने एकच विचारलं, "तुमची खात्री आहे?" मी त्याला ते दोन पत्ते आणि मधली ती तारीख असं तीन ओळींत लिहून पाठवलं. लगेच मान्यता आली. पहाटेच्या त्या केसच्या चौकटीत मला एक वाक्य लिहिता आलं नव्हतं, आणि आता तीन ओळी पुरल्या.

नऊ चाळीसला जॉब सोडला. दहा वाजून पन्नास मिनिटांनी संपला, रिटर्न कोड शून्य.

झोपायला जायच्या आधी सरांना कळवायला फोन केला. ते म्हणाले, "पडला हे बरं झालं." मला आधी कळलं नाही. मग म्हणाले, "त्या खालच्या पत्त्यावर जागा असती तर?"

तिथून खरी काळजी सुरू झाली. जागा घेतलेली असती तर एमव्हीसीने तिथले कुठलेही आठ बाइट उचलले असते आणि प्रोग्राम पुढे गेला असता. अॅबेंड नाही, संदेश नाही, नुसतं चुकीचं उत्तर. आणि असे दुसरे प्रोग्राम असतील तर ते मे महिन्यापासून रोज चालत होते.

सोमवारी मी सगळ्या लोडलिबवर, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या लायब्ररींवर, एएमबीलिस्ट चालवलं आणि एमोड २४ असलेली मॉड्यूल वेगळी काढली. एकवीस निघाली. प्रत्येकाला कोण कोण बोलावतं आणि तो बोलावणारा कोणत्या पर्यायाने कंपाईल झालाय हे जोडत बसलो, मी आणि तो ऑन-कॉलचा मुलगा, चार दिवस. मॅनेजरचं म्हणणं होतं, जॉब चालला ना, मग झालं. मी ऐकलं नाही आणि ते बरोबरच होतं. बहुतेक ठिकाणी कॉल वापरात नव्हता किंवा डेटा स्टॅकवर, म्हणजे खालीच, होता. पण एका ठिकाणी तसं नव्हतं. पॉलिसी क्रमांकाचा तपासणी अंक काढणारं एक रुटीन होतं. त्याचा खालचा पत्ता नेमका जॉबनेच घेतलेल्या कोऱ्या जागेत पडत होता. कोरी जागा म्हणजे सगळी शून्यं. त्यामुळे एका अंतर्गत अहवालाच्या फाईलमध्ये सात आठवडे प्रत्येक पॉलिसीचा तपासणी अंक शून्य जात होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती फाईल पुढे पैशांच्या हिशोबात जात नव्हती, एवढंच दैव. आम्ही क्लायंटला स्वतःहून लिहून कळवलं आणि सगळ्या फायली पुन्हा बनवून दिल्या.

त्या आठवड्यात आणखी दोन गोष्टी केल्या. टर्मथडॅक्ट सगळ्या बॅचसाठी बदलून घेतला, आता प्रत्येक पडझडीला सीईईडंप मिळतो. आणि कंपाईल प्रोसिजरमध्ये डेटा(२४) जिथे जिथे लागतो तिथे वर कॉमेंट घातली: कोणत्या रुटीनसाठी, का, आणि ते रुटीन ३१ बिटांवर गेल्याशिवाय हा पर्याय काढू नये म्हणून.

तारखांचं ते रुटीन पुढे मी एमोड ३१ वर नेलं. दिसतं तेवढं सोपं नसतं ते. नुसता लिंक-एडिटचा शिक्का बदलून चालत नाही. पत्त्याच्या पहिल्या बाइटमध्ये कुणी खूण ठेवलीय का, पत्ता भरणाऱ्या एलए सूचनेने तो बाइट आपोआप पुसला जाईल यावर कुणी विसंबलंय का, आत एखादी फाईल उघडली असेल तर तिचा डीसीबी, म्हणजे तिची माहिती ठेवणारा तक्ता, खालीच राहायला हवा, हे सगळं ओळ न् ओळ बघावं लागतं. लिहिणाऱ्याने कोपऱ्यात एक खूण ठेवलेली सापडलीच: सुट्ट्यांच्या तक्त्यातल्या शेवटच्या नोंदीच्या पत्त्यावर ८०. छान नीटनेटकं लिहिलेलं होतं. त्या काळात एक एक बाइट मोजून लिहायचे, त्याचा हात त्यात दिसत होता.

एकविसातली एकोणीस आता लाईनच्या वरचा डेटा वाचू शकतात. उरलेल्या दोघांचा सोर्स सापडत नाही. एकाचं मॉड्यूल मी हेक्समधून हाताने उलगडायला घेतलंय, रोज जमेल तसं पानभर. तपासणी अंकाचंच आहे ते. शंभर एक सूचना झाल्या आहेत, आणि रजिस्टर ९ मध्ये तो नक्की काय धरून ठेवतो ते मला अजून कळलेलं नाही. रविवारी सर पुण्याला येणार आहेत, तेव्हा लिस्टिंग घेऊन बसायचं ठरलंय.